सगळे वर गेले आणि मी राहिलो

आधी चहा घ्या. नंतर गार झाला म्हणून मला बोल लावायचा नाही, कारण हे एकदा सुरू केलं की मला मधे थांबता येत नाही. माणूस पापं कबूल करतो ती एकांतात, नाहीतर फार तर पाळकसाहेबांपुढे. मी केली साडेतीनशे माणसांपुढे. फक्त ती माणसं ऐकतायत, एवढंच मला ठाऊक नव्हतं!

मी शमुवेल साळवे. राहायला काळेवाडीत, कामाला चाकणला. गाड्यांच्या ब्रेकचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. तयार पार्ट गेज लावून मोजायचा, मापात आहे का बघायचं, आकडा लिहायचा, सही करायची. ही झाली नोकरी. त्याशिवाय मी आमच्या चर्चच्या मंडळीचा सेक्रेटरी. संडे स्कूलचा शिक्षक. क्वायरमध्ये मागच्या रांगेत जाड आवाज. नाताळच्या कमिटीत, सहलीच्या कमिटीत, आणि या दोन कमिट्यांची भांडणं मिटवणाऱ्या तिसऱ्या कमिटीत. मोबाईलवर सतरा ग्रुप. सकाळी कंपनीच्या बसमध्ये बसलो की एका ग्रुपवर सुप्रभात, दुसऱ्यावर भावपूर्ण श्रद्धांजली. एकदा अदलाबदल झाली. ज्यांना मी श्रद्धांजली वाहिली ते अजून माझ्याशी बोलत नाहीत.

तर ईस्टरच्या आधीच्या या उपवासकाळात, पहिल्याच रविवारी, पाळकसाहेबांनी मला चर्चच्या दारात अडवलं.

"साळवे, तुम्ही देवासाठी फार धावता."

"त्याचीच कृपा, साहेब," मी मान खाली घालून म्हटलं. नम्रपणात आपण कमी नाही!

"कौतुक करत नाहीये मी," ते म्हणाले. "उद्या प्रभू तुमच्या घरी आला, तर त्याला बसा म्हणाल, की एखाद्या कमिटीवर घ्याल?"

मी खिशात वाजणारा फोन हळूच बंद केला.

"हे बघा, यंदा मटण सोडू नका. धावपळ सोडा. रोज दहा मिनिटं. फोन लांब, दार बंद, तोंड बंद. मागायचंही काही नाही. नुसतं त्याच्यापाशी बसायचं."

घरी येऊन बायकोला सांगितलं. शीला पोळ्या लाटत होती. लाटणं थांबवून तिनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

"दहा मिनिटं गप्प? तुम्ही? अहो, तुम्ही झोपेतसुद्धा सूचना देता."

पण मी हट्टाला पेटलो. घरात दोन खोल्या, शेजारी टीव्ही, वर कुणाचं तरी कायम चाललेलं ड्रिलिंग. तिथं काही जमणार नव्हतं. कंपनीत मात्र मी एक जागा हेरून ठेवली होती. पॅकिंग स्टोअरच्या मागे एक खोली आहे, पुठ्ठ्याचे खोके आणि फोमच्या गाद्यांनी छतापर्यंत भरलेली. दार लावलं की मशिनचा आवाज कुठल्या कुठे. जेवणाच्या सुट्टीत दहा मिनिटांत डबा संपवायचा, फोन लॉकरमध्ये टाकायचा आणि तिथं जाऊन बसायचं.

पहिले दोन दिवस डोक्यात नुसत्या कमिट्या. तिसऱ्या दिवशी मात्र, खरं सांगतो, मला माझा श्वास ऐकू आला. किती वर्षांनी! डोळ्यांत पाणीच आलं.

चौथा दिवस गुरुवारचा. बुधवारी ड्यूटीवरून थेट क्वायरच्या प्रॅक्टिसला गेलो होतो, अंग आंबलं होतं. फोमवर बसलो. "प्रभू, आलो मी," म्हटलं. मऊ फोम, ऊबदार खोली, पोटात भात... लागली की डुलकी!

आता इथं तुम्हाला एक गोष्ट माहीत पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी नगरकडच्या खेड्यात वाढलो. तिथं सारामावशी म्हणून एक म्हातारी आम्हा पोरांना बायबलच्या गोष्टी सांगायची. शेवटच्या दिवसाची गोष्ट आली की तिचे डोळे बशीएवढे व्हायचे. "तुतारी वाजंल, आन् प्रभूची मानसं हातातलं काम टाकून वर जातील. कापडं खाली, मानूस वर! बाकीचे बसतील रडत." झालं! त्यानंतर शाळेतून आल्यावर घरात कुणी दिसलं नाही की मी हाका मारत सगळं घर धुंडाळायचो. एकदा चुलीवर दूध उतू जातंय आणि आई नाही. मी असा हंबरडा फोडला की अख्खी गल्ली गोळा झाली. आई शेजारी विरजण आणायला गेली होती! ख्रिस्ती घरात वाढलेल्या कुणालाही विचारा, ही भीती त्याच्या ओळखीची असते. माणूस मोठा होतो. ती भीती आत बसून राहते.

तर त्या फोमवर मला जाग आली ती एका आवाजानं.

लांबच लांब, आभाळ फाडणारा आवाज. आणि मग तो थांबला.

नंतर जी शांतता पसरली ना, ती मी अकरा वर्षांत त्या कंपनीत ऐकली नव्हती. मशिनचा आवाज नाही. ट्रॉलीचा नाही. कुणी कुणाला हाक मारत नाही. मी हळूच दार उघडलं, शॉपवर, म्हणजे मशिनच्या हॉलमध्ये आलो.

एकही माणूस नाही!

दिवे चालू. पंखे गरगरतायत. मशिन सगळ्या बंद, अर्धवट कापलेले पार्ट तसेच अडकलेले. मशिनवर हातमोजे पडलेले, जणू आत्ता हातातून गळालेत. कॅन्टीनच्या कट्ट्यावर सहा ग्लास चहा, आणि चहातून वाफ येतेय!

"शिंदे!" मी हाक मारली. माझाच आवाज फिरून परत आला.

शिंदे म्हणजे माझा जिवलग. परभणीचा, माझ्या शेजारच्या मशिनवर. मनानं सोनं, पण तोंड असं की त्याचं एखादं वाक्य शिवीशिवाय निघालं तर आम्ही तब्येत विचारतो. तो शिंदेसुद्धा नाही!

फोन घ्यावा म्हणून लॉकर रूमकडे पळालो. दार ढकललं आणि जागीच थिजलो. बाकावर एक शर्ट. शर्टाखाली पँट. पँटीखाली बूट, बुटात मोजे.

कापडं खाली, मानूस वर!

आता तुम्ही म्हणाल, अरे शहाण्या, कुणीतरी कपडे बदलून ड्यूटीवर गेला असेल. बरोबर आहे. पण हे इथं चहा पिताना सुचतं! तिथं डोकं जागेवर कुठं होतं! कसाबसा लॉकर उघडला, पाळकसाहेबांना फोन लावला. बंद! पाळकसाहेबांचा फोन कधी बंद असतो का? गेले. ते तर जाणारच. शिंदेला लावला. लांब शॉपवर, त्याच्या मशिनपाशी, रिंग वाजायला लागली. फोन इथं, माणूस नाही.

मी फोन कानाला लावून तसाच उभा. मी संडे स्कूलचा शिक्षक. तीन कमिट्यांवरचा माणूस. आणि शिंदे गेला. कॅन्टीनवाला गेला. आमचे प्लांट हेड माने साहेब, ज्यांनी माझी दिवाळीनंतरची रजा दोनदा नाकारली, तेसुद्धा गेले! आणि मी राहिलो.

तेवढ्यात पेंट शॉपच्या बाजूनं पांढरा धूर दिसला. जमिनीवरून सरपटत माझ्याकडे येत होता.

मग माझं उरलंसुरलं डोकंही गेलं. समोर सुपरवायझरची केबिन, टेबलावर सूचना द्यायचा माइक. मी बटण दाबलं.

"हॅलो... कुणी आहे का?... मी साळवे... कुणी राहिलंय का?"

उत्तर नाही. मी माइक घट्ट धरून गुडघ्यांवर आलो. बटण दाबलेलंच.

"प्रभू, मी साळवे बोलतोय. क्वालिटी." देवाला खातं सांगतोय मी, खातं! "माझं चुकलं. जानेवारीत काका वारले म्हणून रजा घेतली. काका ठणठणीत आहेत. मी क्वायरच्या स्पर्धेला गेलो होतो. तिसरा नंबर आला म्हणून सगळ्यांना सांगितलं. प्रभू, तीनच क्वायर होते."

धूर काचेपर्यंत आला. मी आणखी जोरात.

"शिंदेच्या डब्यातली शेंगदाण्याची पोळी मी खाल्ली आणि नाव मांजराचं सांगितलं. मंडळीत लांब लांब प्रार्थना करतो ती लोकांनी ऐकावी म्हणून करतो. आणि प्रभू..."

हे मात्र हसण्यावारी नेऊ नका.

"...काल चाळीस पार्ट मोजायचे होते. मी तीस मोजले. प्रॅक्टिसला उशीर होत होता. शेवटच्या दहांचे आकडे मनानं लिहिले आणि सही केली. ब्रेकचे पार्ट आहेत, प्रभू. कुणाचीतरी लेकरं त्या गाडीत बसतील. तुझ्या गाण्याला जायच्या घाईत केलं मी हे. मला सोडून गेलास ते बरोबरच केलंस."

आणि मी रडायला लागलो. मोठ्यानं. बटण दाबून.

केबिनचं दार धाडकन उघडलं. दारात आमच्या सेफ्टीच्या भोसले मॅडम, डोक्यावर हेल्मेट, चेहरा पांढराफटक. त्यांच्या मागे शिंदे, धापा टाकत.

मी त्याचे पायच धरले. "शिंदे! तू पण राहिलास?"

"आरं, राहिलास का म्हून काय इचारायलास! माइक बंद कर की आधी!"

मॉक ड्रिल होतं हो! आग लागली तर किती मिनिटांत बाहेर पडता येतं, त्याची तालीम. सायरन, खोटा धूर, सगळे शेडमागच्या मैदानात. सकाळी कंपनीच्या ग्रुपवर मेसेज आला होता, तो मी वाचलाच नाही. सुट्टी संपून मशिन सुरू झाल्या तरी मी झोपलेलोच. पहिला सायरन झोपेत घालवला, दुसरा ऐकून उठलो. मैदानात माणसं मोजली, तर एक कमी. भोसले मॅडम पुन्हा पुन्हा यादी तपासायला लागल्या. तालमीत खरंच माणूस हरवला! तेवढ्यात खांबावरचा भोंगा खरखरला आणि साडेतीनशे माणसांच्या डोक्यावर माझा आवाज घुमायला लागला, "प्रभू, मी साळवे बोलतोय. क्वालिटी."

मला मैदानात नेलं. भोंग्याच्या बरोबर खाली माने साहेब उभे.

"साळवे," साहेब म्हणाले, "काकांची तब्येत कशी आहे आता?"

आणि मग जो हशा उसळला! गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवरचे लोक भिंतीवरून डोकावायला लागले.

साहेब मात्र हसले नाहीत. "लॉट कुठाय?" एवढंच म्हणाले. लॉट, म्हणजे ते कालचे चाळीस पार्ट, अजून पॅकिंगलाच होता. शेवटचे दहा पार्ट बाजूला काढले, टेबलावर मांडले, आणि साहेब शेजारी उभे राहिले. मी मोजायला लागलो. एक बरोबर. दोन बरोबर. नऊपर्यंत सगळे मापात. दहाव्याला गेज बसेना.

पुन्हा लावून बघितलं. बसेना.

खरं सांगू? त्या हातभर लांबीच्या लोखंडाकडे बघताना जी भीती वाटली, ती रिकाम्या शॉपवर आणि धुरातही वाटली नव्हती. तुतारी, अग्नी, सगळं त्यापुढे पोरखेळ.

"बोलला नसतात तर हा गेला असता गाडीत," साहेब हळू आवाजात म्हणाले. मग मला मेमो दिला, लेखी, आणि महिनाभर माझ्या प्रत्येक आकड्यावर दुसऱ्याची सही ठेवली. ड्रिलच्या रिपोर्टमध्येही माझं नाव आलं. आत राहिलेला माणूस मेला असं धरतात म्हणे. "मृत एक, साळवे."

बाहेर शिंदेला मी तुतारीची सगळी गोष्ट सांगितली, तेव्हा तो माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "पोळीचं जाऊ दे, लेका. पर आजपतुर मला लोकायनी लई ठिकानी जा म्हून सांगितलं. सर्गात धाडनारा तूच पयला!"

रविवारी पाळकसाहेबांकडे गेलो. गुरुवारी दुपारी ते एका अंत्यविधीत होते, म्हणून फोन बंद. सगळं ऐकून त्यांनी डोळे पुसले, हसून की कशानं कोण जाणे. तिन्ही कमिट्यांचे राजीनामे मी त्यांच्या हातात ठेवले. संडे स्कूल तेवढी ठेवली.

पण ते नंतरचं. गुरुवारी संध्याकाळी घरी गेलो ते ठरवूनच, की दुसऱ्या कुणी सांगायच्या आत शीलाला आपणच सगळं सांगायचं, आणि यापुढे खोटं म्हणून बोलायचं नाही. ताटावर बसलो आणि पहिल्यापासून सांगितलं. शीला हसून हसून भिंतीला टेकली. पदरानं डोळे पुसतेय, परत हसतेय. मला वाटलं, सुटलो!

मग एकदम थांबली.

"थांबा हं. पाळकसाहेबांना फोन केलात?"

"केला."

"शिंदेभाऊंना केलात?"

"केला."

"मग मला का नाही केला?"

आता एखाद्या शहाण्यानं म्हटलं असतं, अगं, घाबरून सुचलं नाही. पण मी नुकतंच खोटं सोडलेला माणूस!

"तुला कशाला?" मी म्हटलं. "म्हटलं, तू असशीलच की घरी."

शीलानं पदर खोचला. मग एकेक बोट दुमडत म्हणाली, "म्हणजे पाळकसाहेब वर. माने साहेब वर. कॅन्टीनवाला वर. तो शिव्या देणारा शिंदे, तो पण वर. आणि मी काळेवाडीत?"

तुमच्याकडे काही उत्तर असेल तर सांगा हो.