नुसता डिमेन्शिया

आई सांगलीहून आमच्याकडे आखातात झिंजला आली ती तीन महिन्यांच्या व्हिसावर. परत जाऊन पूर्वीसारखं एकटीनं राहायचं, हे तिनं गृहीतच धरलं होतं. पण इथे एका सकाळी तिनं आधी फोडणी केली आणि मग डाळ शिजायला लावली. पुढे एकदा खालच्या कोल्ड स्टोअरमधून, म्हणजे इथल्या किराणा दुकानातून, दही आणताना तिला आमची बिल्डिंगच सापडेना. दुकानदार दह्यासकट तिला वर घेऊन आला. मग आम्ही डॉक्टर गाठले.

पहिल्या भेटीत ते डिमेन्शिया म्हणाले. मी सांगलीला ताईला फोन केला.

"अल्झायमर नाही ना? नुसता डिमेन्शिया? मग सुटलो बाई," ताई म्हणाली.

मलाही तसंच वाटलं होतं. पण मी पडलो अकाउंटंट, कुठली रक्कम कुठल्या खात्यात जाते हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. पुढच्या भेटीत विचारलं. डॉक्टर म्हणाले, डिमेन्शिया म्हणजे ताप समजा आणि अल्झायमर म्हणजे मलेरिया. स्मरणशक्ती आणि विचार इतके ढासळतात की रोजची कामं अडतात, त्या अवस्थेचं नाव डिमेन्शिया. तिची कारणं अनेक, त्यातलं सगळ्यात नेहमीचं अल्झायमर. बी-ट्वेल्व्ह किंवा थायरॉइड कमी पडल्यानंही असा गोंधळ होतो, पण तो बऱ्याचदा सुधारतो. आईचे ते रिपोर्ट नॉर्मल होते. स्कॅनमध्ये मात्र मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब दिसल्या. बीपी वर्षानुवर्षं चढं. म्हणजे अल्झायमर नसावा, डिमेन्शिया मात्र खरा. झालेलं नुकसान भरून येणार नव्हतं. बीपी आटोक्यात राहिलं तर पुढचं लांबवता येणार होतं.

हे सगळं हिंदीत चाललं होतं. आई माझ्याकडे वळली.

"नाव काय ते तुझं तू बघ. मी माझ्या घरी राहू शकते का, तेवढं विचार त्यांना."

राहू शकतात, पण एकट्या नाही, असं उत्तर आलं.

"मग सूनबाईला दे माझ्याबरोबर. तू नको, तुला कुकर लावता येत नाही."

बायकोची इथे शाळेत नोकरी. ती घाईघाईनं म्हणाली, मी शिकवते ह्यांना कुकर.

बरीच घासाघीस होऊन ठरलं की दिवसा आईनं स्वतःच्या घरी राहायचं, सोबतीला एक बाई ठेवायची, आणि रात्री दोन गल्ल्या पलीकडे ताईकडे झोपायला जायचं. लगेच ताईला फोन लावून सांगितलं.

"येऊ दे," ती म्हणाली. "पण माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवायची नाहीत, हे तिला आत्ताच सांगून ठेव."

फोन स्पीकरवर होता.

"ते काही माझ्या लक्षात राहायचं नाही," आई म्हणाली.