कोकमतेलाची चढण

फेब्रुवारी १९८४, व्हरमाँट. शुक्रवार ते रविवार. हजर: माझ्या नवऱ्याचे धाकटे मावसभाऊ, म्हणजे माझे भाऊजी, त्यांची कॉलेजात शिकणारी मुलगी निशा, मी, आणि पाठदुखीमुळे स्कीऐवजी स्टेशन वॅगन चालवणारा माझा नवरा. आम्ही तिघांनी बर्फातून गावोगाव जायचं आणि त्यानं सामान घेऊन रस्त्यानं पुढचा मुक्काम गाठायचा, अशी वाटणी मी केली होती.

बर्फावर भाऊजींइतकं प्रेम करणारा आणि बर्फानं इतक्या वेळा आपटलेला दुसरा माणूस अमेरिकेत नसेल. नागपूरच्या उन्हात वाढलेले हे गृहस्थ व्हर्जिनियात, राहत्या हर्नडनला, चार इंच बर्फ पडला की ऑफिसला फोन करून "रस्ता बंद आहे" असं सांगत आणि त्याच बंद रस्त्यावर स्की घालून फिरत. डोक्याला आईनं विणलेली कानटोपी, पाठीवरच्या पिशवीत गूळपोळ्यांचा स्टीलचा डबा. वाटेत भेटेल त्याला थांबवून ते गूळपोळी देत आणि विचारत, "व्हेअर आर यू फ्रॉम, ओरिजिनली?" एकदा एका सहा फुटी आजोबांनी गोंधळून "इथलाच" म्हटलं, तर भाऊजींनी मान हलवली. "तसं नाही. त्याच्या आधी?" मी डोळे वटारले. ते म्हणाले, "वहिनी, वीस वर्षं हा प्रश्न मी ऐकतोय. आता माझा टर्न."

यादी या वस्तूबद्दल त्यांचं मत वाईट होतं. "यादी करणारा माणूस घरीच टूर संपवतो," असं ते मला ऐकवत आणि नंतर मोजे माझ्याकडून मागून नेत. या तीन दिवसांच्या टूरवर ते आधी दोनदा गेले होते आणि दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशीच परतले होते. एकदा घोटा मुरगळला. एकदा कुणाची तरी रुतलेली गाडी ढकलायला थांबले आणि सोबतचे लोक पुढे निघून गेले. आता एप्रिलमध्ये गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं आणि डॉक्टरांनी त्यानंतर स्की विसरा म्हणून सांगितलं होतं. म्हणजे ही शेवटची संधी. म्हणून तर निशा सुट्टी सोडून आली होती, आणि म्हणून मी दोन पानी यादी केली होती.

त्या यादीत दोन गोल डब्या होत्या. एकीत स्कीच्या तळाला चोळायचं मेण. ते नसेल तर चढावर पकड राहत नाही. दुसरीत फुटलेल्या ओठांसाठी वितळवून ओतलेलं कोकमतेल. दोन्ही पांढरं, दोन्ही घट्ट. पण झाकणांवर मी चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, त्यामुळे निर्धास्त होते. रविवारी सकाळी भाऊजींनी दोन्ही डब्या उघडून, हुंगून, एकीचं झाकण दुसरीला लावून ठेवलं आणि मग चिठ्ठी वाचून स्कीला मन लावून कोकमतेल चोळलं.

सपाटीवर ते असे सुटले की निशा मागे पडली. "वहिनी, आज बर्फ मला ओळखतोय," ते ओरडले. पुढे शेवटची मोठी चढण आली. भाऊजी चार पावलं वर गेले आणि तितकेच मागे आले. पुन्हा गेले, पुन्हा आले.

"बाबा, यू आर गोइंग बॅकवर्ड्स."

"दिसतंय मला."

एवढ्यात मी ओठांना दुसऱ्या डबीतलं लावलं आणि ओठ एकमेकांना चिकटले. मी दोन मिनिटं काहीच बोलले नाही, तेव्हा भाऊजींना संशय आला. "वहिनी गप्प आहेत. काहीतरी गंभीर झालंय."

आम्ही नाण्यानं तळ खरवडला, पण तेल मुरलं होतं. स्की काढून चालत जायला ते तयार नव्हते. तशी टूर त्यांच्या हिशेबात धरली जाणार नव्हती. शेवटी निशा त्यांच्यापुढे उभी राहिली आणि दोन्ही पाय बाहेर फाकवून बदकासारखी चालायला लागली. "लाइक धिस, बाबा. डक. डक." त्या तालावर भाऊजी अख्खी चढण चढले. गुडघा दुखत होता, हे त्यांनी वर पोचल्यावर सांगितलं. उतारावर मात्र कोकमतेलानं ऋण फेडलं. खाली गाडीपाशी चहाचा थर्मास घेऊन नवरा उभा होता, भाऊजी त्याच्या पायाशी येऊन आडवे झाले, आणि पडल्यापडल्याच डबा उघडून त्यांनी विचारलं, "व्हेअर आर यू फ्रॉम, ओरिजिनली?"

"तुझ्याच आजोळचा. ऊठ," नवरा म्हणाला. 

ऑपरेशननंतर भाऊजींची बदली टेक्सासात प्लेनोला झाली. तिथे बर्फ नाही. "स्की तुमच्याकडेच राहू द्या, वहिनी. गुडघा बरा झाला की बघू," म्हणाले. त्याला चार हिवाळे झाले. स्की आमच्या गराजमध्ये भिंतीला टेकून आहेत. दर नोव्हेंबरात माझ्या थंडीच्या यादीत एक ओळ असते: भाऊजींच्या स्कीवरचं कोकमतेल काढणे. मागच्या वेळी मी पातं आणि फडकं घेऊन बसलेही होते. तळावर बोट फिरवलं. अजून गुळगुळीत आहे. बाकी सगळ्या ओळींवर खूण झाली. ही तेवढी राहिली आहे.