पुराचे निमंत्रण

आमच्या ओळीतील चौदा घरांना पुराच्या सूचना मोबाईलवर मिळाव्यात म्हणून जो अर्ज भरला गेला, त्यात चौदाही नावांपुढे माझाच क्रमांक होता. हे सांगताना मला आजही संकोच वाटतो, कारण अर्ज भरून घेण्याचे काम माझ्याकडेच होते. गंगापूर रोडकडच्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी आयुष्यभर नोकरी केली. तिथे 'शांतता राखा' हे वाक्यही मला पाटीवर लिहून टांगावे लागले. तोंडाने कधी जमले नाही. लिहायला लागले तीही साठी उलटल्यावर. तेव्हा मांडणीत काही उणे राहिले तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

आमची ओळ बैठ्या घरांची. खालचे टोक गोदावरीकडे, वरचे मोठ्या रस्त्याकडे. उतारावरच्या लोकांचा स्वभावही उतारासारखाच असतो. वरच्यांना पुराची चिंता नसते, आणि खालच्यांना तिची सवय झालेली असते.

त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर एक तरुण अधिकारी बाई आम्हाला इशाऱ्याच्या पातळ्या समजावून सांगायला आल्या. पातळ्या तीन. पहिलीत सावध राहायचे, कागदपत्रे आणि औषधे एका पिशवीत घालायची. दुसरीत सामान बांधून तयार राहायचे; मात्र वृद्धांनी, आजाऱ्यांनी आणि लहान मुलांनी तिसरीची वाट न पाहता तेव्हाच निघायचे. तिसरी आली की सगळे सोडून वरच्या रस्त्यावरील शाळेचे सभागृह गाठायचे.

"मॅडम, एकदम तिसरीच आली, तर पहिल्या दोन माफ का?" आमच्या ओळीच्या अध्यक्षांनी विचारले. ते एसटीतून निवृत्त झालेले आहेत. स्थानकावर गाड्या पुकारून कमावलेला आवाज त्यांनी निवृत्तीनंतरही चालू ठेवला आहे.

"मारुतीच्या कमरेला पाणी लागेपर्यंत आम्ही काही हलत नाही," मागून कोणीतरी म्हणाले. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या अंगावर पूर मोजण्याची आमच्या गावाची पद्धत इतकी जुनी आहे, की तिच्यासमोर आकड्यांना कोणी विचारत नाही.

अधिकारी बाई हसल्या नाहीत. त्यांनी सर्वांत खालच्या घरातील काकूंकडे बोट दाखवले. काकू ऐंशीच्या घरात, एकट्या, दोन्ही गुडघ्यांनी अधू. मागच्या पुरात त्या निघाल्याच नव्हत्या. शेवटी दोघांनी त्यांना खुर्चीसकट उचलून छातीभर पाण्यातून बाहेर आणले होते, आणि वाटेत एकाचा पाय घसरला होता. "या आजींना दुसऱ्याच पातळीला हलवायचं. पुन्हा पाण्यातून काढायची वेळ आली तर या वयात ते झेपणार नाही. जबाबदारी कोण घेतंय?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी खाली पाहिले. खाली पाहणे म्हणजे संमती, असा अर्थ आमच्याकडे अजूनही घेतला जातो.

अर्ज घेऊन दारोदार फिरले तेव्हा पहिल्याच घरात उत्तर मिळाले, "आमचा नंबर नको हो, कर्जवाल्यांचे फोन येतात. तुमचाच टाका. तुम्ही घरीच असता." दुसऱ्या घरात सांगण्यात आले, "त्यांनी कोणाचा टाकला? तुमचा? मग आमचाही तोच." एका गृहस्थांचा मोबाईल मुलीच्या ताब्यात होता, एका बाईंना तो संदेश आला की वाजतो हेच आवडत नव्हते. अध्यक्षांनी तर "माझा व्हीआयपी नंबर आहे" एवढेच सांगितले. अशा रीतीने पुराची सूचना स्वीकारणारी चौदा कुटुंबांची एकमेव प्रतिनिधी म्हणून माझी नेमणूक झाली.

पुढे ऐन पावसाळ्यात धरणातून पाणी सोडल्याचा दिवस आला. सकाळी चहा गाळत असताना मोबाईल थरथरला. मग पुन्हा, मग पुन्हा. चौदा वेळा. पहिली पातळी. मी छत्री घेऊन दारोदार गेले.

"पहिलीच ना? मग भजी तळायला घेते."

"पूल बंद नाही ना केला अजून? मग व्हिडिओ काढून येतो."

"ताई, जरा मोठ्यानं बोला. काय आलंय? दूधवाला?"

अकराच्या सुमारास मोबाईल पुन्हा चौदा वेळा थरथरला. दुसरी पातळी. मी इतर सर्व घरे सोडून थेट खाली गेले. नदीचा रंग चहासारखा झाला होता आणि एरवी खाली दिसणाऱ्या घाटाच्या पायऱ्यांपैकी तीनच उरल्या होत्या.

काकूंचे दार उघडे होते. येवल्याहून घेतलेली जांभळी पैठणी नेसून त्या पलंगावर बसल्या होत्या. पायाशी बांधलेले गाठोडे, त्यावर औषधांची डबी आणि प्लास्टिकच्या पिशवीत कागदपत्रे. साऱ्या ओळीत सूचनांचे असे तंतोतंत पालन दुसऱ्या कोणी केले नव्हते.

"काकू, चला. दुसरी पातळी आली."

"माहितेय. पायऱ्या दिसतात मला इथून. म्हणून तर नेसून बसलेय."

"मग चला ना."

"तयारी पूर्ण आहे," काकू शांतपणे म्हणाल्या, "बोलावणं नाही."

त्यांनीच खुलासा केला. शाळेच्या सभागृहाची किल्ली अध्यक्षांकडे, दारात यादी घेऊन उभे राहणार तेही अध्यक्षच. म्हणजे यजमान ते. आणि त्याच अध्यक्षांनी आपल्या मुलीच्या लग्नाची पत्रिका काकूंना मोबाईलवर पाठवली होती.

"तीस वर्षांचा शेजार! अक्षत घेऊन दारात यायला काय झालं होतं? लग्नाचं बोलावणं मोबाईलवर, आता पुराचंही मोबाईलवरच. आणि तेही तुझ्या मोबाईलवर. मागच्या पुरातही कोणी येऊन 'या' म्हटलं नाही. नुसते ओरडत होते, 'निघा, निघा.' पाहुण्याला असं म्हणतात का?"

"काकू, पाणी…"

"पाणी पाण्याचं बघेल. मी बोलावल्याशिवाय कोणाच्या दारात गेले नाही."

मी पावसातून वर शाळेपर्यंत गेले. अध्यक्ष हातात कर्णा घेऊन रिकाम्या सभागृहाच्या दारात उभे होते.

"तुम्ही दोन मिनिटं खाली आलात, तर काकू…"

"काय? मोठ्यानं!"

"काकू तुमच्या बोलावण्याची वाट पाहताहेत."

"त्यांना सांगा, आधी माझ्या बायकोची माफी मागा. मांडवात सगळे आले, ह्या आल्या नाहीत. घरात खुर्ची ओढून बसल्या." मग दूरवर हात दाखवून ते म्हणाले, "आणि मॅडम, मी अठ्ठावन्न माणसांचं नियोजन करतोय. एका माणसासाठी जागा सोडता येत नाही."

त्या वेळी सभागृहात माणूस एकही नव्हता. हे त्यांच्या लक्षात आणून द्यावे असे मला फार वाटले. पण मी "बरं" म्हणाले आणि परत फिरले. उतारावर पोहोचेपर्यंत खालच्या तीन पायऱ्यांपैकी एकच दिसत होती.

माझे लग्न झालेले नाही. त्यामुळे माझ्या घरी मुंज, लग्न, बारसे असे कोणतेही कार्य झाले नाही, आणि कोणाच्या दारात अक्षत घेऊन जाण्याची वेळ माझ्यावर कधी आली नाही. तरी इतरांच्या अक्षता इतक्या वर्षांत इतक्या वेळा घेतल्या होत्या, की पद्धत मला तोंडपाठ होती. काकूंच्याच डब्यातून मी मूठभर तांदूळ घेतले, त्यांच्याच देव्हाऱ्यातल्या कुंकवात घोळले आणि पदर सावरून त्यांच्यासमोर उभी राहिले.

"काकू, आज वरच्या शाळेत माझ्याकडे कार्य आहे. तुम्ही यायचं आहे."

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळले. "तुझ्याकडे? यजमान कोण?"

"मीच."

"जेवायला काय आहे?"

"खिचडी."

"पापड?"

"बघते."

"बघते काय म्हणतेस? बोलावणारीनं आहे म्हणायचं असतं."

"आहे," मी म्हणाले. आयुष्यात इतक्या मोठ्याने मी काही म्हटल्याचे मला आठवत नाही.

काकूंनी ओंजळ पुढे केली, अक्षता घेतल्या, कपाळाला लावल्या आणि माझ्या खांद्यावर भार टाकून उठल्या. उंबरा ओलांडताना पाणी आमच्या घोट्यांना लागले.

पण त्या सरळ चालतील तर काकू कसल्या! गुडघ्यांना विसावा हवा या सबबीखाली प्रत्येक दारात थांबून त्या सांगू लागल्या, "हिच्याकडचं बोलावणं आलंय मला. रीतसर. अक्षत देऊन." याचा परिणाम मी स्वप्नातही कल्पिला नव्हता. भजी तळणाऱ्या बाईंनी गॅस बंद केला आणि झारा हातात घेऊनच दारात आल्या.

"आणि आम्हाला नाही वाटतं? आम्ही कोणी परके?"

मुठीत थोडे तांदूळ उरले होते. मी त्यांना दिले. पुढच्या घरी दिले. ज्यांना मारुतीची कमर हवी होती, त्यांनी "आता बोलावलंच आहे तर" म्हणून पायांत चपला घातल्या. तांदूळ संपले तेव्हा भजीवाल्या बाईंनी आपल्या घरातून आणखी वाटीभर आणले. जी ओळ सरकारी सूचनेने, धरणाच्या पाण्याने आणि अध्यक्षांच्या कर्ण्याने हलली नव्हती, ती मानाने बोलावताच तासाभरात, गाठोड्यांसह आणि एका पोपटासह, वर चढली.

दारात अध्यक्ष यादीवर खुणा करत होते. सभागृहात पाठीची खुर्ची एकच होती आणि ती त्यांची होती. काकू तिच्यापाशी थांबल्या. बसल्या नाहीत. "कुठे बसू?" त्यांनी अध्यक्षांना नव्हे, मला विचारले.

"ती खुर्ची काकूंना द्या," मी अध्यक्षांना म्हणाले.

त्यांनी या वेळी "मोठ्यानं" असे म्हटले नाही. खुर्ची पुसूनही दिली. काकू बसल्या आणि त्यानंतर थोड्याच वेळाने माझा मोबाईल चौदा वेळा थरथरला. तिसरी पातळी. खाली काकूंच्या खिडकीच्या गजांपर्यंत पाणी चढलेले आम्ही शाळेच्या गच्चीवरून पाहिले.

खिचडी शाळेतच शिजली. पंगतीतून आग्रह करत फिरण्याची वेळ माझ्यावर आली, कारण बोलावणे माझे होते आणि साठेक माणसे ते क्षणभर विसरायला तयार नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी ओसरले. परत जायला हरकत नाही, असा संदेशही चौदा वेळा आला आणि सभागृह रिकामे झाले. त्याच आठवड्यात मी सर्वांना आपापले क्रमांक भरायला लावले. अध्यक्षांचा व्हीआयपी क्रमांकही त्यात आला. त्यांनी ते मान्य केले, पण बोलवायला मीच यायचे, या अटीवर.

काकू मात्र त्या दुपारी जागच्या हलल्या नव्हत्या. त्यांच्या घरात मांडीभर गाळ होता. पण त्यांचे म्हणणे वेगळेच होते. "निरोप यजमानानं द्यायचा असतो, गं. मी आपली आपण कशी उठू?"

माझे घर ओळीत वरच्या बाजूला, कोरडे. मी त्यांचे गाठोडे उचलले. भिंती वाळेपर्यंत त्या माझ्याकडे राहिल्या. भिंती केव्हाच वाळल्या आहेत. मी अजून निरोप दिलेला नाही.