हसरीने वर केलेला हात

मला गल्लीत घड्याळकाका म्हणतात. पस्तीस वर्षं बस डेपोत टाइमकीपर होतो. गाडी एक मिनिट उशिरा सुटली तरी माझ्या वहीत नोंद व्हायची, मग ड्रायव्हर कितीही दांडगा असो. सात वर्षांपूर्वी निवृत्त झालो आणि गल्लीच्या मंडळाने मला चिटणीस करून टाकलं. माझ्या आधी मंडळाची सभा म्हणजे नुसता मासळीबाजार. मी आलो आणि सभा चाळीस मिनिटांत संपायला लागली. विषय वाचायचा, "कुणाची हरकत?" म्हणून विचारायचं, तीनपर्यंत मोजायचं, "हात वर, मंजूर," पुढचा विषय. याचा मला फार अभिमान होता. होता म्हणतोय, लक्षात घ्या.

पण सांगायचंय ते माझ्याबद्दल नाही, रफूवालीबद्दल.

आमच्या मंडळाचा एक हॉल आहे. हॉलला लागून रस्त्याच्या बाजूला चिमुकली खोली आणि तिला ही एवढी मोठी खिडकी. त्या खिडकीत रफूवाली बारा वर्षं बसली. वय पन्नाशीचं, अंगाने काटकुळी, गळ्यात दोरी बांधलेलं भिंग. खोलीच्या बदल्यात हॉल झाडायची आणि किल्ली सांभाळायची, असं ठरलेलं. तिचं खरं नाव हजेरीच्या वहीत होतं, पण सगळी गल्ली तिला हसरी म्हणायची. का, तर बाई सदा हसतमुख. काही बोला, ती हसणार. ऊन फार आहे म्हणा, हसेल. पाणी आलं नाही म्हणा, तरी हसेल. मी बायकोला कितीदा म्हणालो असेन, बघ, त्या बाईकडून शीक जरा. त्यावर आमची बायको जे बोलायची ते इथे लिहीत नाही.

कामात मात्र हसरीचा हात धरणारं कुणी नव्हतं. कोटाला जळून भोक पडलेलं असो की शालीला कसर लागलेली, ती त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागे काढायची आणि एकेक आडवा, एकेक उभा असे विणत भोक बुजवायची. नंतर तुम्ही शोधत बसा, भोक कुठे होतं ते. गिऱ्हाइकाने बोट ठेवून भोक दाखवायचं, हिने चिठ्ठीवर वार लिहून द्यायचा. बोलणं जवळजवळ नाहीच. मला वाटायचं, वा, काय शिस्त आहे! माझ्यासारखीच.

सभेला ती दर महिन्याला यायची. सगळ्यात मागच्या रांगेत बसायची. मी म्हणायचो, "पुढे या बाई, खुर्च्या रिकाम्या आहेत." ती हसायची आणि तिथेच बसून राहायची. मी म्हटलं, लाजाळू असेल. हात वर करायची वेळ आली की इकडेतिकडे बघून तीही हात वर करायची. कधी विरोध नाही, कधी फाटा फोडणं नाही. असे सभासद मिळायला नशीब लागतं, असं मी डॉक्टरांना म्हणालोही होतो. डॉक्टर म्हणजे आमचे अध्यक्ष, दातांचे डॉक्टर. माणूस वाईट नाही, पण एकदा डोक्यात काही घेतलं की आपलंच घोडं पुढे दामटणार.

या खेपेला त्यांनी डोक्यात घेतलं ते असं. गल्लीत घरं एकशेचाळीस आणि सभेला येणारी डोकी वीस, तीही तीच ती. नवीन भाडेकरू येतात, वर्ष राहतात, जातात, आणि मंडळ आहे हेसुद्धा त्यांना कळत नाही. डॉक्टर म्हणाले, "मंडळ सर्वांसाठी खुलं व्हायला हवं. पुढच्या खोलीत स्वागत कक्ष करू. सोफा टाकू, पाटी लावू. येणाऱ्याला आपलं वाटलं पाहिजे." खरंच चांगली कल्पना होती. मलाही पटली.

पुढच्या खोलीत हसरी बसते, हे सगळ्यांना माहीत होतं. डॉक्टरांना वाटलं, चिटणिसांनी तिच्याशी बोलून घेतलं असेल. मला वाटलं, अध्यक्षांनी विषय काढलाय म्हणजे तेच बोलले असतील. मी ठराव वाचला. डॉक्टरांनी मागे बघून विचारलं, "ताई, तुमची काही हरकत नाही ना? तुम्हाला मागची खोली देऊ." हसरी हसली. मी म्हणालो, "हात वर." सगळ्यांचे हात वर गेले. हसरीने शेजारच्याकडे बघितलं आणि तिचाही हात वर गेला. डॉक्टर भारावून म्हणाले, "ताईंनी केवढं मन मोठं केलं!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिनेही वाजवल्या.

मी लिहिलं, सर्वानुमते मंजूर. खाली सह्या होत्याच, कारण आमच्याकडे सह्या सभेच्या सुरुवातीलाच घ्यायच्या आणि ठराव मागून वर लिहायचे, अशी पद्धत. वेळ वाचतो म्हणून मीच ती सुरू केली होती.

दुसऱ्या दिवशी तिला लेखी पत्र दिलं, आठ दिवसांत खोली रिकामी करावी. पत्र हातात पडलं आणि अर्ध्या तासात हसरी माझ्या दारात. भिंग तसंच गळ्यात, सुई पदराला टोचलेली.

"हे कुणी ठरवलं?" तिने विचारलं. तिचा आवाज हलका, एकाच सुरातला. एवढं लांब वाक्य मी तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होतो.

माझं डोकं फिरलं. मी वहीच काढली. "कुणी म्हणजे? तुम्हीच! हा ठराव, ही तुमची सही. काल टाळ्या वाजवल्यात, वीस माणसं साक्षीला आहेत. आता कसलं विचारता?"

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि हसली.

"हसताय काय? थट्टा वाटते तुम्हाला?" मी ओरडलोच.

आतून बायको हात पुसत आली. मला एका बाजूला सारून ती हसरीच्या समोर उभी राहिली, तिच्या दंडाला हात लावला आणि सावकाश म्हणाली, "ताई, ते म्हणतात, काल सभेत तुम्ही हो म्हणालात."

हसरीच्या चेहऱ्यावरचं हसू पुसलं गेलं. तिने वही ओढून घेतली. ठराव वाचला, मग खालची सही बघितली. त्या सहीवरून बोट फिरवलं, भोक तपासताना फिरवायची तसं.

"अहो, त्यांना ऐकू येत नाही," बायको मला म्हणाली.

"अजिबात?"

"अजिबात."

"आणि तुला माहीत होतं?"

"गल्लीतल्या सगळ्या बायकांना माहीत आहे."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"मला काय माहीत, तुम्हाला माहीत नाही ते? आणि सभेत काय शिजतंय ते तुम्ही घरी येऊन सांगता का कधी? आम्ही यावं म्हटलं तर सभा साडेसहाला. साडेसहाला गॅससमोर कोण उभं राहणार, तुमचे डॉक्टर?"

मला तोंडात मारल्यासारखं झालं. बायकोने हसरीला खुर्ची दिली, पाणी दिलं. मग हसरी बोलली. तिशीत तिला ताप आला आणि कान गेले. तेव्हा ती मोठ्या कपड्यांच्या दुकानात काउंटरवर होती. मालकाला कळल्यावर काउंटरवरून मागच्या खोलीत गेली आणि मागच्या खोलीतून घरी. बहिऱ्या माणसाला लोक अर्धवट समजतात, म्हणाली, महागाची शाल त्याच्या हातात देत नाहीत. म्हणून इथे आल्यावर तिने हे स्वतःहून कुणाला सांगितलं नाही; ज्या बायकांनी ओळखलं त्यांनी ओळखलं. समोरच्याच्या ओठांवरून जमेल तेवढं ओळखायचं.

"आणि नाही कळलं की मी हसते," ती म्हणाली. "हसलं की माणसं फार विचारत नाहीत. पुढे जातात."

सात वर्षं मी तिच्या पुढे जात होतो. वर तिला हसरी म्हणत होतो.

"मागच्या खोलीत उजेड नाही, काका," ती म्हणाली. "दिव्याखाली काळा आणि गडद निळा सारखाच दिसतो. मी काय विणू तिथे?"

मी तडक डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर हळहळले, खरंच हळहळले. मग म्हणाले, "पण त्यांनी आधी सांगायला नको होतं का? सोफा आलाय. पाटी रंगवून झालीये. रविवारी उद्घाटन आहे, नगरसेवकांना बोलावलंय. आणि झालेला ठराव सहा महिने उकरायचा नाही, हा नियम तुमचाच ना?"

नियम माझाच होता. माझ्याच काठीने मला हाणलं.

तरी मी हटून बसलो. राजीनामा देतो म्हणालो, तेव्हा कुठे सभा लागली. या वेळी दुपारी चारला. बायको आली, तिच्यासोबत आणखी पाच जणी. तोवर मला कळलं होतं की मी खिडकीकडे पाठ करून बसतो. वहीवर उजेड पडावा म्हणून मीच टेबल तसं लावलं होतं आणि त्यामुळे समोरच्याला माझा चेहरा म्हणजे नुसता काळा गोळा. टेबल फिरवलं. हसरीला पुढे बसवलं. बायको तिच्यासमोर बसली आणि जो जे बोलेल ते ओठांनी तिला सांगत राहिली. सभा पावणेदोन तास चालली. मी घड्याळ काढून खिशात टाकलं होतं.

लोक काय काय बोलले! कुणी म्हणालं, बिचारी. कुणी म्हणालं, सहानुभूती वेगळी आणि नियम वेगळा. एक जण म्हणाला, सगळ्यांसाठी चांगलं काही करायचं तर एखाद्याला थोडी झळ बसणारच. बायकोच्या मैत्रिणींपैकी एक उठून म्हणाली, "मी नवीन आले तेव्हा या गल्लीत मला पहिल्यांदा कुणी बसवून घेतलं असेल तर यांनी, त्याच खिडकीत. तुमच्यातलं कोण आलं होतं?" मला वाटलं, जिंकलो.

हात मोजले. एकेक करून, मोठ्याने. खोली हसरीकडे राहावी म्हणणारे अकरा, स्वागत कक्ष व्हावा म्हणणारे चौदा.

डॉक्टर तिच्याजवळ गेले. तोंड नीट तिच्याकडे करून म्हणाले, "ताई, वाईट वाटून घेऊ नका."

"वाईट वाटलंच," हसरी म्हणाली. "पण या वेळी काय झालं ते कळलं तरी. मागच्या खेपेला माझ्या विरुद्ध माझाच हात होता."

मी वहीत लिहिलं, बहुमताने मंजूर, विरोध अकरा. सह्या शेवटी घेतल्या. तिने विरोधाखाली सही केली, नेहमीपेक्षा मोठी.

शनिवारी ती किल्ली द्यायला आली. पेटी, भिंग, चिंध्यांची बोचकी, सगळं हातगाडीवर चढवून झालं होतं. दोन गल्ल्या पलीकडे इस्त्रीवाल्याच्या मागे जागा मिळाली होती. तिथे ऊन अकरापर्यंतच येतं, म्हणाली, म्हणजे निम्मंच काम होणार. मी काहीतरी पुटपुटलो. ती हसली, तीच ती हसरीची हसण्याची रीत, आणि मग स्वतःच थांबली.

"काका, आता खोटं हसायचं नाही असं ठरवलंय. तुमचं मला काही कळत नाही. तुमची मिशी फार दाट आहे. सात वर्षांत तुमच्या ओठांवरचं एक अक्षर दिसलेलं नाही."

उद्घाटन झालं. नगरसेवक उशिरा आले. पाटीवर मोठ्या अक्षरांत 'सर्वांचे स्वागत' लिहिलंय आणि खोलीला कुलूप असतं, कारण बसणार कोण? मी आठवड्यातून दोनदा जाऊन बसतो. महिन्याभरात तीन माणसं आली. तिघांनीही एकच विचारलं, इथे रफूवाली बसायची ती कुठे गेली?

तिसरा माणूस गेला त्या दिवशी मी घरी आलो आणि आरशासमोर उभा राहिलो. अडतीस वर्षांची मिशी. डेपोत पोरं तिला घाबरायची. कात्री लावली, मग वस्तरा. बायको चहा घेऊन आली आणि दारातच थबकली. "अगं बाई! हा कोण घुसलाय घरात?" म्हणाली. पण मी कुठे निघालोय ते तिने विचारलं नाही. कपाटातून माझा जुना स्वेटर काढून दिला, कोपरावर भोक पडलेला.

इस्त्रीवाल्याच्या मागे बोळातून जावं लागतं. साडेदहा वाजले होते. खिडकीत उन्हाचा एक पट्टा उरला होता आणि हसरी त्यात कुणाचा तरी कोट धरून बसली होती. मी उजेडात उभा राहिलो, तोंड तिच्याकडे करून. तिने मान वर केली. आधी ओळखलंच नाही. मग स्वेटरसाठी हात पुढे केला.

मी स्वेटर दिला नाही. सावकाश म्हणालो, "ताई, माझं चुकलं."

ती माझ्या ओठांकडे बघत राहिली. हसली नाही.