ओक-बुनचा कान

देगू शहरात गाणं ऐकता येणारी माणसं दोनच, असं पियो ओक-बुनचं मत होतं. एक ती स्वतः आणि दुसरा तिचा धाकटा भाऊ छांग-गू. त्यातही भावाबद्दल तिला शंका होती, आणि वय बहात्तर झालं तरी ती शंका फिटली नव्हती.

बाकीच्या जगाबद्दल शंकेला जागाच नव्हती. शेजारीण फोनवर गाणी लावून कोबी चिरायची, तिला ओक-बुन माणसात धरत नसे. रविवारी चर्चमध्ये गळा काढणारे, बसचे ड्रायव्हर, नाचगाण्याच्या कार्यक्रमापुढे टाळ्या पिटणारे म्हातारे, या सगळ्यांना देवानं कान दिले ते चष्मा अडकवायला, असं ती म्हणायची.

हा कडवटपणा तिला लहानपणीच लागला. त्यांचं गाव लसणाच्या शेतांचं. गावात रेडिओ एकच, तो गावप्रमुखाच्या घरी. तिथून तारा ओढून घराघरात भिंतीवर लाकडी खोका ठोकलेला. खोक्याला बटण एकच, आवाज कमीजास्त करायचं. काय ऐकायचं ते गावप्रमुख ठरवणार, आणि त्याला रडकी गाणी भारी आवडायची. बंदर, बोट, रुमाल, अश्रू. बारा वर्षांची ओक-बुन आणि आठ वर्षांचा छांग-गू एका रजईत पडून ते ऐकायचे.

"नूना," छांग-गू म्हणायचा. थोरल्या बहिणीला तिकडे भाऊ तसंच म्हणतात. "ही बाई मागच्या आठवड्यात पण याच बंदरावर रडत होती."

"तिची बोट चुकत नाही, सूर चुकतो. म्हणून रडते."

आई खोलीतून ओरडायची, मग दोघं तोंडात रजई कोंबून हसायचे. दोघांचं प्रेम जडलं ते गाण्यापेक्षा आधी गाण्याला नावं ठेवण्यावर. गाणं नंतर आलं.

सोळाव्या वर्षी ओक-बुन देगूला कापडगिरणीत लागली. पहिल्याच दिवशी तिनं दोन्ही कानांत कापसाचे बोळे घातले. मागावरच्या जुन्या बायका हसल्या. "राजकन्येला आवाज सोसत नाही होय?" ओक-बुननं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दहा वर्षांनी त्याच बायका एकमेकींच्या कानाशी तोंड नेऊन ओरडायला लागल्या, तेव्हाही तिला त्यांची कीव आली नाही. कान वाया घालवण्यासारखेच होते, घालवले, एवढंच ती म्हणाली.

दोन वर्षांनी तिनं भावाला शाळेसाठी शहरात आणलं. बाजारातल्या एका बोळात चोरून छापलेल्या परदेशी रेकॉर्डी मिळायच्या. वेष्टन एकाच शाईत छापलेलं, गायकाच्या नावात तीन चुका, आणि सुई टेकली की मासे तळल्यासारखा आवाज. पहिली रेकॉर्ड घेतली तेव्हा त्यांच्याकडे ती वाजवायला यंत्र नव्हतं. चार महिने दोघं ती उजेडात धरून नुसत्या रेघा बघत बसले. मग सुटकेसएवढा जुना प्लेअर मिळाला आणि भाड्याच्या खोलीत रविवार सुरू झाले.

रविवारचा रिवाज कोणी ठरवला नाही, तो पडला. गाणं चालू असताना बोलायचं नाही. सुई उचलली की प्रत्येकानं खोट काढायची. चांगलं कुणी काही म्हणायचं नाही. चांगलं होतं ते दोघांनाही कळलेलं असायचं. ते बोलून दाखवणं ओक-बुनला जेवल्यावर ताट चाटून दाखवण्यासारखं वाटायचं.

एकदा एक घड्याळजी तिला बघायला आला. माणूस सरळ, हातात पेअरच्या फळांची करंडी. छांग-गूनं पाहुण्यासाठी रेकॉर्ड लावली. घड्याळजी गुणगुणायला लागला, आणि तेही अर्ध्या ठोक्यानं मागे. बहीणभावाची नजर मिळाली आणि लग्न तिथंच मोडलं.

"घड्याळं दुरुस्त करतो म्हणे," करंडी रिकामी करत ओक-बुन म्हणाली. "गिऱ्हाइकांच्या गाड्या चुकत असतील."

पुढं तिनं लग्नाचं नावच काढलं नाही.

मग ते वर्ष आलं, ज्या वर्षी सरकारनं शेकडो गाण्यांवर बंदी घातली. छांग-गू घाबरला. रेकॉर्डी जाळून टाकू म्हणाला. ओक-बुननं बंदीच्या सगळ्या रेकॉर्डी चर्चच्या स्तोत्रांच्या वेष्टनांत सरकवल्या आणि बंदीची यादी चवीनं वाचून काढली.

"यातली अर्धी गाणी मुळातच टाकाऊ आहेत," ती म्हणाली. "बंदी घालायला पण कान लागतो."

छांग-गू सैन्यातली सक्तीची वर्षं भरून आला आणि एका चहाकॉफीच्या दुकानात गाणी लावायला बसला. काचेची खोली, आत तो, खांद्यापर्यंत केस, आणि माइकवर पाकात घोळलेला आवाज. गिऱ्हाइकं चिठ्ठीवर गाण्याचं नाव लिहून आत सरकवायची. ओक-बुन सुट्टीच्या दिवशी कोपऱ्यात बसायची आणि तीही चिठ्ठी पाठवायची. 'हे गाणं लावणाऱ्याचा हात मोडला का?' 'मुली गाण्याकडे नाही, केसांकडे बघताहेत, आणि केसही धुतलेले नाहीत.' छांग-गू चिठ्ठी वाचायचा, खिशात घालायचा आणि पुढची रेकॉर्ड मात्र नीट निवडायचा.

ती दुकानं बंद पडली. छांग-गू शाळेची बस चालवायला लागला, त्यानं यंग-सुक नावाच्या शांत बाईशी लग्न केलं. नंतर सीडी आली आणि लोकांनी घरोघरच्या रेकॉर्डी कचऱ्यात टाकल्या. ते बघून ओक-बुनला लोकांचा जो तिटकारा आला तो कायमचा. पण फायदाही तिचाच झाला. सकाळी सकाळी बहीणभाऊ हातगाडी घेऊन नव्या इमारतींच्या कचराकुंड्या पालथ्या घालायचे. ओक-बुनच्या दोन खोल्यांत जमिनीपासून छतापर्यंत रेकॉर्डी चढल्या. चार हजारांच्या वर.

यंग-सुक एकदा म्हणाली, "तुम्ही दोघं गाणी ऐकता की चोर पकडता?"

"दोन्ही," छांग-गू म्हणाला.

अशी पन्नास वर्षं गेली. मग सोल जे-हून आला.

हा चौतिशीतला माणूस, घरातही टोपी घालणारा. शहराच्या उत्तरेला बंद पडलेल्या एका गिरणीत त्यानं मोठं कॅफे काढलं होतं. ती गिरणी ओक-बुनच्या गिरणीच्या शेजारची. तिथलं कापड दोन धुण्यांत विरायचं. जे-हूनला कॅफेत काचेची खोली बांधायची होती, जुन्या दिवसांसारखी, आणि आत खराखुरा जुना माणूस हवा होता. छांग-गू अडुसष्ट वर्षांचा. त्यानं त्याच दिवशी तीनशे रेकॉर्डी खोक्यांत भरल्या.

"मला विचारलंस?" ओक-बुननं विचारलं.

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"मग कळत होतं की."

तरी ती बघायला गेली. माग पांढरे रंगवून शोभेला ठेवले होते. त्यावर पावाच्या टोपल्या. पोरीबाळी मागाला टेकून फोटो काढत होत्या. ज्या यंत्रात तिच्या मैत्रिणीचं बोट गेलं तसंच ते यंत्र, आणि त्यावर दालचिनीचा पाव. कॉफी कडू होती ती कॉफीमुळे नाही, भाजणाऱ्याच्या आळसामुळे. काचेमागं छांग-गू, डोक्यावर चित्रकाराची टोपी. आवाज तोच, फक्त पाक आता जुना होऊन साकळला होता. आणि गाणं लागलेलं असताना सगळं कॅफे बोलत होतं. तिनं कागदी रुमालावर लिहिलं, 'सरबतात पडलेली माशी तुझ्यासारखी गुणगुणते,' आणि आत पाठवलं. छांग-गूनं वाचलं आणि काचेतून तिला हात केला. इतका खूश तो स्वतःच्या लग्नातही दिसला नव्हता. तिला त्याची शिसारी आली. दर गुरुवारी ती जायला लागली.

शरद ऋतूत छांग-गूच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. जे-हून ओक-बुनकडे आला. "हालमोनी," म्हाताऱ्या बाईला म्हणतात तसं तो लाडानं म्हणाला, "दोन आठवडे गुरुवारी तुम्ही बसाल? नाहीतर मी आपला लावतो काहीतरी."

त्याची बोटं लोण्यानं चकाकत होती. ती बोटं तिच्या रेकॉर्डींना लागणार, एवढ्यासाठी ओक-बुन हो म्हणाली.

पहिल्या गुरुवारी दुपारी तिनं एक रेकॉर्ड लावली. लोक बोलत होते. तिनं सुई उचलली. हळूहळू लोकांच्या लक्षात आलं. कुणीतरी विचारलं, "बिघडलं का?"

ओक-बुननं माइक ओढला. "यंत्र ठीक आहे. तुम्ही बिघडलेले आहात."

लोक हसले, कुणीकुणी फोनवर टिपून घेतलं. तिनं पहिल्यापासून लावलं. पुन्हा बोलणं, पुन्हा सुई वर. "तुमच्या घरच्यांना तुमचं ऐकायचा कंटाळा आला म्हणून इथं येता का? मलाही ऐकायचं नाही. बाहेर रस्ता आहे." तिसऱ्या खेपेला तीसेक माणसं उठून गेली. उरलेली गप्प बसली आणि पूर्ण बाजू वाजली. ओक-बुननं मोजली. नऊ माणसं. त्यातली दोन झोपलेली.

पण सात जागी होती. ती संध्याकाळी घरी आली आणि तिला नीट जेवण गेलं नाही. रागानं नाही. सात ही संख्या डोक्यातून जात नव्हती.

पुढच्या गुरुवारी तिनं घरातून एक रेकॉर्ड कापडात गुंडाळून नेली. बारा तारांचं वाद्य, वाजवणारा अगदी म्हातारा, दोन सुरांच्या मध्ये एवढी जागा सोडणारा की ऐकणाऱ्याला श्वास घ्यायचं भान राहू नये. ती रेकॉर्ड तिनं भावाशिवाय कधी कुणाला ऐकवली नव्हती. कॅफे खच्चून भरलं होतं. माणसं भिंतीला टेकून उभी होती. सगळे काचेकडे बघत होते. ओक-बुननं सुई ठेवली.

मिनिटभर गेलं नाही तोच पुढच्या टेबलावरची मुलगी मोठ्यानं बोलायला लागली. मैत्रिणीशी नाही, तशीच हवेत. बोलता बोलता काचेकडे बघत, हातात फोन उभा धरून. तिच्या मागं दुसरा, मग तिसरा. सगळ्यांचे फोन वर, सगळे वाट बघताहेत. दाराच्या काचेवर जे-हूननं रंगीत खडूनं लिहिलं होतं ते ओक-बुनला आतून उलटं दिसलं: आज रागीट आजी.

ही माणसं शिव्या खायला आली होती.

ओक-बुननं सुई उचलली नाही. त्या कालव्यात पूर्ण बाजू वाजू दिली. आयुष्यात पहिल्यांदा ती गाण्याचा अपमान बसून बघत राहिली. मग माइक जवळ घेतला. जे-हूननं खूण करून कॅफे गप्प केलं.

"आपण सर्वजण वेळात वेळ काढून आलात, मी आभारी आहे," ती अगदी मऊ आवाजात म्हणाली. "केक जरूर खा. नमस्कार."

कुणीतरी ओशाळं हसलं. फोन एकेक खाली आले. जे-हून काचेच्या दारात आला. "हालमोनी, थोडं तरी ओरडायचं होतं. लोक लांबून आलेत."

"तुमच्या लायकीचा राग माझ्याकडे नाही," ओक-बुन म्हणाली. तिनं रेकॉर्ड कापडात गुंडाळली आणि बसनं थेट भावाच्या घरी गेली.

छांग-गू डोळ्यावर प्लास्टिकची वाटी लावून घरी पडला होता. त्याला यंग-सुकनं फोनवरचं बघून सगळं सांगितलं होतं.

"तीनशेच्या तीनशे परत आण," ओक-बुन म्हणाली. "आणि पुन्हा तिथं पाय ठेवू नकोस."

"रेकॉर्डी आणतो. पण मी जाणार, नूना."

"कुणी ऐकत नाही तिथं."

"माहीत आहे. तेव्हा तरी कोण ऐकायचं? एक तू. मला ती काच आवडते. आत बसलं की बरं वाटतं."

ओक-बुनला आता उमगलं. ज्या माणसाला तिनं शाळेत घातलं, ज्याच्यासोबत कचराकुंड्या उपसल्या, त्याला लहान मुलांना वाटतो तसा साधा एकटेपणा होता आणि तो काचेत बसून जात होता. तिला हे फार हलकट वाटलं. आणि तिला ते इतकी वर्षं दिसलं नव्हतं, याचाही राग आला.

"मग वाटणी करू," ती म्हणाली. "तुझ्या तू ने. माझ्या घरात काच आवडणाऱ्या माणसाच्या रेकॉर्डी नकोत."

डोळा बरा झाल्यावर छांग-गू रविवारी आला. दोघं जमिनीवर समोरासमोर बसले. त्यानं पहिली रेकॉर्ड उचलली.

"ही तुझी."

"माझी? असली बेसूर बाई मी घेईन? तू आणलीस, स्टेशनामागून."

"मी नाही. मी हिला तेव्हाच नावं ठेवली होती."

"नावं मी ठेवली. तू मान हलवलीस."

वाद मिटेना, तेव्हा ती लावून बघावी लागली. ऐकल्यावर दोघांनीही ती दुसऱ्याची ठरवली. पुढची रेकॉर्ड. तिथंही तेच. कुणाचं काय हे कागदावर कुठंच नव्हतं, आणि चांगली रेकॉर्ड आली की दोघंही एकदम गप्प व्हायचे, मग कुणीच मागायचं नाही, ती बाजूला तिसऱ्या गठ्ठ्यात जायची.

छांग-गू दर गुरुवारी काचेत बसतच राहिला. तिथं आता जे-हूननं आणलेल्या नव्या छपाईच्या रेकॉर्डी वाजत. ओक-बुन त्यांना प्लास्टिकच्या थाळ्या म्हणायची आणि गुरुवारी काय, कधीच तिकडे फिरकली नाही.

थंडी पडली. किमचीचं लोणचं घालायचे दिवस आले. यंग-सुक मुळ्याची पिशवी घेऊन आली तर दोघं रजया पांघरून तसेच बसलेले, मध्ये प्लेअर.

"किती झाल्या वाटून?" तिनं विचारलं.

"अडतीस," छांग-गू म्हणाला.

"चार हजारांतल्या?"

"तुझा नवरा हळू ऐकतो," ओक-बुन म्हणाली. "बस तिकडे, आणि पिशवी वाजवू नकोस. गाणं लागतंय."