कापसावरचा वैमानिक

वाऱ्याची दिशा पाहिल्याशिवाय घराबाहेर पाऊल न टाकणारा माणूस अख्ख्या हैदराबादेत एकच होता, आणि तो नेमका माझ्या बायकोचा धाकटा भाऊ निघाला. अंबरपेठेत आम्ही एकाच गल्लीत राहायचो. सकाळी तो गच्चीवर जायचा, दोऱ्यांवरच्या लुंग्या नि साड्या कुठल्या बाजूला फडकताहेत ते बघायचा आणि खाली येऊन आईला गंभीरपणे सांगायचा, "नैर्ऋत्येचा आहे, पण जोर नाही." मग भाजी आणायला निघायचा. निघण्याआधी स्कूटरला प्रदक्षिणा ठरलेली. टायर दाबायचे, ब्रेक ओढायचा, टाकीत काडी घालून पेट्रोल बघायचं, आणि प्रत्येक गोष्ट मोठ्यानं म्हणायची. समोरच्या चाचींना एकदा राहवलं नाही.

"बेटा, ये स्कूटर है की दुल्हन? रोज फेरे कैकू ले रा?"

"चाची, ऊपर जाके बिगडी तो किदर रुकना?"

"ऊपर किदर जा रा रे तू? गौलीगुडा तो जा रा!"

चाचींना कल्पना नव्हती, पण त्याच्या दुखण्यावर त्यांनी नेमकं बोट ठेवलं होतं. व्यावसायिक वैमानिकाचा परवाना त्याच्या खिशात प्लास्टिकच्या पाकिटात सदैव असे. विमान मात्र कुठेच नव्हतं. देशाची दारं उघडली असं तेव्हा पेपरात रोज छापून यायचं. नव्या खाजगी विमान कंपन्या निघत होत्या, आणि त्या सगळ्यांना मोठ्या विमानांवरचा अनुभवच हवा होता. "दाजी, मोठं विमान दिल्याशिवाय मोठ्या विमानाचा अनुभव आणू कुठून?" तो मला विचारायचा. मी वीज मंडळातला कारकून, काय सांगणार? वर आणखी एक टांगती तलवार होती. ठरावीक तास उडाला नाही तर परवान्याचं नूतनीकरण अडायचं. आणि त्याच्या प्रशिक्षणासाठी सासऱ्यांनी गावाकडचं शेत विकलं होतं. त्या दिवसापासून त्यांनी मुलापुढे ना शेताचं नाव काढलं, ना विमानाचं. जेवताना ताटावर बाप-लेक भेटायचे, बोलायचे पाण्याच्या तांब्यापुरतं.

मग त्यानं ठरवलं, प्रवासी विमान नाही तर नाही. जे उडेल ते चालवायचं. अफझलगंजच्या टायपिंगवाल्याकडून त्यानं इतके अर्ज टाइप करून घेतले, की तो टायपिंगवाला पुढे पुढे मजकूर न विचारताच सुरू करायचा. नकाशासाठी हवाई फोटो काढणाऱ्यांना अर्ज, ग्लायडर ओढून वर नेणाऱ्या क्लबाला अर्ज, ज्यांच्याकडे विमान असावं असा नुसता संशय होता अशा उद्योगपतींनाही अर्ज. मराठवाड्यातल्या एका साखर कारखान्याच्या अध्यक्षांनी त्याला मुलाखतीला बोलावलं. "विमान दिवाळीला येतंय," अध्यक्ष म्हणाले, "तोवर आमची जीप चालवा." यानं दोन महिने जीप चालवली. वळण आलं की आधी सांगायचा, "साहेब, डावीकडे वळतोय, पट्टा बांधून घ्या." दिवाळी आली, विमान आलं नाही. असा सावध ड्रायव्हर जन्मात पाहिला नाही म्हणून अध्यक्ष त्याला सोडायला तयार होईनात.

पुढे साडीच्या एका नव्या दुकानासाठी विमानातून जाहिरातीचे कागद टाकायचं काम मिळालं. परवानग्या मिळवण्यात महिना गेला. त्या दिवशी पहाटेपासून गच्चीवर उभं राहून त्यानं वाऱ्याचा अभ्यास केला, आणि सगळे कागद दुकानाच्या परिसराऐवजी गौलीगुड्याच्या बस स्टँडवर पडले. दुकानदार कपाळाला हात लावून म्हणाला, "साब, आपने तो बसां को साड्यां बेच दी!" मेहुण्याचं म्हणणं एवढंच, की गच्चीवरचा वारा आणि वरचा वारा यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. त्यानंतर आठवडाभर तो गच्चीवर गेला नाही. बायको मला म्हणाली, "तुमच्या ऑफिसात लावा हो त्याला कुठंतरी." तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

आणि एक दिवस पिकांवर औषध फवारणाऱ्या एका लहानशा कंपनीचं पत्र आलं. त्या कामाचं वेगळं शिक्षण घ्यावं लागतं. ते घ्यायला तो गेला आणि पाच महिन्यांनी काळवंडून, अंगाला औषधाचा उग्र वास घेऊन परतला. बायकोनं त्याला अंगणातच अंघोळ करायला लावली. कापसावर बोंडअळी पडली होती. वरंगळकडच्या गावांत फवारणी सुरू होणार होती. तो निघाला त्याच्या चौथ्या दिवशी सासरे माझ्या दारात पिशवी घेऊन उभे राहिले. "जावईबापू, सुट्टी टाका," एवढंच म्हणाले.

सकाळी उजाडताच आम्ही शेताच्या बांधावर पोचलो. विमानाला ओळ दाखवायला दोन्ही टोकांना माणसं झेंडे घेऊन उभी होती. विमान आलं ते इतकं खालून, की आधी दिसलंच नाही, फक्त ऐकू आलं. चिंचेच्या झाडापाशी वर उठलं, वळलं, पुन्हा कापसावर उतरल्यासारखं झालं. मागे पांढरा पडदा पसरत गेला. असं किती वेळ चाललं कोण जाणे. बायका, म्हातारे, शाळा बुडवून आलेली पोरं, सगळी ओरडत होती. सासरे माझ्या शेजारी उभे राहून कापसाच्या ओळी बघत होते.

तासाभरानं तो जवळच्या मोकळ्या धावपट्टीवरून जीपनं आला. बापाला पाहून जागीच थबकला.

सासऱ्यांनी त्याच्याकडे न बघता चिंचेकडे हात लांब केला. "चिंचेखालच्या चार ओळी राहिल्या. अळी तिथूनच परत चढंल."

"झाड मध्ये येतं, बाबा."

"मग आडवा ये. बांधाच्या बाजूनं. आमच्या शेतात नव्हती का चिंच? आडवाच औत धरायचो."

मेहुण्यानं बांधाकडे एकदा पाहिलं. मग धावतच जीपकडे गेला. थोड्या वेळानं विमान बांधाच्या बाजूनं आडवं आलं आणि त्या चार ओळींवरून गेलं. सासऱ्यांनी मान हलवली, कसलेला शेतकरी दुसऱ्याचं काम पास करतो तशी.

पुढच्या वर्षी एका विमान कंपनीचं बोलावणं आलं, तेही ऐन बोंडअळीच्या दिवसांत. यानं एक महिना मागितला, कंपनी थांबली नाही. फवारणीची कंपनीही आणखी दोन हंगामांनी बंद पडली. आता तो दूरच्या एका राज्यात मुलांना उडायला शिकवतो. सासरे गेले. गेल्या दिवाळीत आला तेव्हा आम्ही दोघंच बसलो होतो. त्यानं विचारलं, "दाजी, त्या दिवशी मी खाली यायचो तेव्हा बाबा भ्यायचे का हो?"

"छे," मी म्हणालो, "ते फक्त ओळी बघत होते."

खरं तर प्रत्येक वेळी विमान खाली आलं, की ते माझं मनगट धरायचे. दोन दिवस तिथं बोटांचे वळ होते. पण बापानं जे इतक्या कष्टानं लपवलं होतं, ते मी कशाला सांगायचं?