बाबांची फुंकर

मैत्रिणींनो, आपली फिरती वही आज पोलादपुरात माझ्याकडे पोचली, आणि आजच सांगण्यासारखं घडलं.

सकाळी बाबांनी माझ्या धाकट्या बहिणीची, सुमनची शाळा बंद करायचं ठरवलं. मी विरोध केला, तर म्हणाले, "तू बीए झालीस, काय शिकलीस ते सांग."

मी प्राचीन ग्रीसमधल्या ॲनॅक्झिमेनीसबद्दल सांगितलं. सगळं जग हवेपासून झालं, असं तो म्हणत असे. ओठ आवळून फुंकली तर हवा दाटते आणि गार लागते, तोंड उघडून सोडली तर विरळ होते आणि गरम लागते, हा त्याचा पुरावा.

"नाव तरी माणसाचं हाय काय गो?" बाबा हसले. पण तळहातावर दोन्ही तऱ्हेने फुंकून पाहिलं. "खरंच की! म्हंजे त्याचं बरोबर हाय?"

"नाही. त्याने दिलेलं कारण पुढे चुकीचं ठरलं."

"मग खरं कारण काय?"

"माहीत नाही," मी म्हणाले.

बाबा पुन्हा फुंकून बघत म्हणाले, "तुला येत नाय, तर सुमीला शिकू दे. ती सांगल."

मी ज्ञान दाखवायला बसले होते, आणि कामी आलं माझं 'माहीत नाही'. तुम्ही घरी असं शेवटचं कधी म्हणालात?